पृथ्वीच्या पोटातल्या रेषा कुणी काढल्या?

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम केलेले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कास्टिंग ओतून तयार झालं. वरून अगदी स्वच्छ दिसतंय, पण आत ब्लो होल आहे का? कापून बघता येत नाही. कापलं तर जॉबच गेला. मग आपण काय करतो? वर तेल लावतो, अल्ट्रासोनिकचा प्रोब टेकवतो आणि आत पाठवलेला आवाज किती वेळाने परत येतो ते पडद्यावर बघतो. आत पोकळी असली की प्रतिध्वनी वेळेआधी येतो. पृथ्वीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी जवळपास हेच केलं. फरक एवढाच, की तिथे आवाज आपण पाठवलेला नव्हता. तो भूकंपाचा होता.

खणून का बघितलं नाही? पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर. म्हणजे सव्वाबारा किलोमीटर. आंब्याची साल सोडा, सालीवरचा डाग म्हणा. मोशीच्या दगडखाणीत आपल्याला एकावर एक थर दिसतात, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. पण पृथ्वीचे म्हणून जे थर शाळेत शिकवतात, त्यांच्या हिशेबात ही अख्खी खाण वरच्या सालीतच येते.

आत काहीतरी वेगळं आहे, ही शंका पहिल्यांदा वजनावरून आली. १७९८ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने पृथ्वीची सरासरी घनता काढली, ती पाण्याच्या साधारण साडेपाच पट भरली. पण जमिनीवरचा दगड घ्या, तो पाण्याच्या तिप्पटसुद्धा जेमतेम भरतो. मग उरलेलं वजन कुठे आहे? आत. १८९७ मध्ये जर्मनीच्या एमिल वायचेर्टने सुचवलं की आत लोखंडाचा गाभा असावा. तर्क उत्तम होता, पण पुरावा नव्हता.

आणि त्याच वर्षी, १२ जून १८९७ च्या संध्याकाळी, आसाम हादरला. शिलाँगमधल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम या अधिकाऱ्याने या भूकंपाचा अभ्यास केला. हजारो किलोमीटर दूर इटलीतल्या यंत्रांवरही त्याची नोंद झाली होती. त्या नोंदींत ओल्डहॅमला तीन वेगवेगळ्या लहरी ओळखू आल्या. पहिली सगळ्यात वेगवान, ढकलत जाणारी. तिला आज प्राथमिक लहर म्हणतात. दुसरी आडवी हलवणारी, दुय्यम लहर. तिसरी पृष्ठभागावरून येणारी. १९०६ साली त्याने दाखवलं, की भूकंपाच्या जागेपासून फार दूर गेलं की लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात. म्हणजे वाटेत, मध्यभागी, वेगळं काहीतरी आहे. गाभ्याचा हा पहिला खरा पुरावा, आणि त्याची सुरुवात आपल्या देशातल्या एका भूकंपातून झाली. पाठ्यपुस्तकात हे सहसा सांगत नाहीत.

त्यानंतर एकेक रेष पडत गेली. ८ ऑक्टोबर १९०९ ला क्रोएशियात भूकंप झाला. झाग्रेबच्या मोहोरोविचिच यांना नोंदींत एका प्राथमिक लहरीच्या जागी दोन दिसल्या. एक वरच्या दगडातून सरळ आलेली; दुसरी खाली जाऊन, जास्त वेगाच्या खडकातून धावून वर आलेली. जिथे वेग एकदम वाढतो तीच कवच आणि प्रावरण यांची सीमा, मोहो विलगता. पुढे जर्मनीत गटेनबर्गने १९१४ पर्यंत गाभ्याची खोली काढली, सुमारे २,९०० किलोमीटर. दुय्यम लहर द्रवातून जात नाही. गाभा द्रव आहे हे १९२६ मध्ये जेफ्रीज यांनी मांडलं. आणि १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेहमान या बाईंनी, न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदी तपासून दाखवलं, की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तोच आपला अंतर्गाभा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. विभागणी प्रश्नावर अवलंबून असते. ‘कशाचं बनलंय?’ असं विचारलं तर कवच, प्रावरण, गाभा. ‘किती कडक आहे?’ असं विचारलं तर वरचं कडक शिलावरण आणि त्याखालचं मऊ दुर्बलावरण. शिलावरणात कवच तर येतंच, पण प्रावरणाचा वरचा भागही येतो. म्हणून दोन पुस्तकांत दोन आकृत्या दिसल्या तर घाबरू नका. दोन्ही बरोबर असतात.

आता आपल्या घरी येऊ. ११ डिसेंबर १९६७, पहाटे. कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. त्यानंतर कोयना परिसर जगभरच्या अभ्यासकांच्या नजरेत आला, कारण धरणात पाणी साठवायला लागल्यानंतर इथले धक्के वाढले होते. १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना भागात स्फोट घडवून लहरी जमिनीत सोडल्या आणि त्या कुठून परत येतात ते मोजलं. आपल्या अल्ट्रासोनिकचंच मोठं रूप! मोहो साधारण ३६ ते ४० किलोमीटर खोल निघाली. चिंचवडहून लोणावळ्याची लोकल पकडली, तर लोणावळा यायच्या आत तेवढं अंतर कापून होतं. इतकी जवळ आहे कवचाची तळरेषा.

दुसरी तारीख आपण सगळेच विसरू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, किल्लारी. हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्यांखाली गेली. तोवर हा भाग देशाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. खालचा खडक जुना आणि स्थिर आहे, अशी समजूत होती. नंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटर काळा बसॉल्ट, मग जेमतेम आठ मीटर गाळ, आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक. कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटरचं छिद्र घेतलं तेव्हा तोच बसॉल्ट १,२४७ मीटरपर्यंत लागला. तेच महाराष्ट्राचं काळं पांघरूण, पण एका ठिकाणी दुसऱ्याच्या पावणेचार पट जाड. कराडला आज या कामासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

२००२ साली नकाशा सुधारला आणि झोन १ काढूनच टाकला. आपलं पिंपरी-चिंचवड त्या नकाशात झोन ३ मध्ये आलं.

मला जे सांगायचंय ते एवढंच. २,९०० किलोमीटर खालची रेष आपल्याला ठाऊक आहे. पण कोयनेचे धक्के बहुतेक वरच्या दहा किलोमीटरांत होतात, आणि पुढचा मोठा धक्का कधी बसेल हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या हातात घर आहे. रावेत, मोशी, चाकणला फ्लॅट घेताना आपण टाइल्स आणि पार्किंग विचारतो. इमारतीचं डिझाइन भूकंपाच्या कोडप्रमाणे केलंय का आणि त्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, हेही विचारा. पृथ्वीचा हा नकाशा शिलाँग, कोयना, किल्लारीच्या लोकांनी फार मोठी किंमत मोजून आपल्याला दिलाय. तो नुसता परीक्षेपुरता पाठ करून चालणार नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.