महाबळेश्वरचे इंग्रजी मेज : पदार्थांचा प्रवास आणि पंक्तीची मर्यादा

पश्चिम महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास बहुधा हवामान, निसर्गशोभा आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांची नामावली यांच्या अंगाने लिहिला जातो. तेथील हॉटेले, क्लब व बंगले यांतील पाश्चात्त्य पद्धतीच्या भोजनव्यवहाराचा उल्लेख झालाच, तर तो गतवैभवाची खूण म्हणून होतो. प्रस्तुत लेखात महाबळेश्वरच्या आधारे एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. इंग्रजी मेजावरचे जिन्नस मराठी स्वयंपाकघरात सहज शिरले. मग त्या मेजाभोवती एकत्र बसणे एवढे अवघड का ठरले?

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून खंडाळा गावाच्या मोबदल्यात हे पठार मिळवले. येथे वसलेल्या पेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरच्या या वस्तीत साहेबाच्या ताटाची सोय करणे ही सोपी बाब नव्हती. सह्याद्रीच्या या माथ्यावर नाचणी आणि वरी पिकत होती. साहेबाला पाव, मांस, वाटाणा, गाजर आणि बटाटा हवा होता. ही गरज भागवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते ना इंग्रज होते, ना मराठी. ते पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून शिक्षा भोगण्यासाठी आणलेले चिनी व मलायी कैदी होते. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली गेली आणि भाजीपाल्याचे मळेही. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला, परंतु बटाट्याची व विलायती भाज्यांची लागवड टिकली आणि स्थानिक शेतकऱ्यांच्या हाती आली. महाबळेश्वरच्या मेजाचा इतिहास लिहिताना या कैद्यांना तळटीपेत ढकलणे योग्य नाही. मेजावरचा पहिला हक्काचा उल्लेख त्यांचाच असावयास हवा.

या मेजाला ऋतूचेही बंधन होते. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम येथे येई, तेव्हा पेठ गजबजे. जूनच्या मध्यास पाऊस कोसळू लागला की घरांच्या भिंतींना गवताचे आच्छादन बांधून साहेब, खानसामा, बटलर सारेच घाट उतरत. १८८१ मध्ये स्थापन झालेला महाबळेश्वर क्लब हा याच हंगामी समाजाचा. वाढणारे, रांधणारे, पाणी भरणारे मात्र त्या मेजावर कधी पाहुणे नव्हते.

मराठी उच्चवर्णीयांची बाजू यापेक्षा वेगळी, पण तितकीच बंदिस्त होती. बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. दक्षिण अमेरिकेतील हे कंदमूळ परक्यांच्या हातून आले असूनही मराठी घराने ते उपवासाला चालवून घेतले. (गहू-तांदूळ वर्ज्य आणि बटाटा ग्राह्य, ही व्यवस्था कोणत्याही प्राचीन धर्मग्रंथाला ठाऊक असणे शक्य नाही.) वस्तूला शुद्ध करून घेण्याची अशी सवलत माणसाला मात्र नव्हती. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींसमोर चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून ग्रामण्य माजले. मेजवानी नव्हे, केवळ चहा! प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले आणि रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांतही नाराजी पसरली.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे हाच प्रश्न क्लबात किंवा मिशनच्या दिवाणखान्यात न राहता थेट संसारात उतरला. १८३१ पासून येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य होते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई पुढे नगरला आल्या, तरी आरंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. पती-पत्नीमध्ये मतभेद धर्मतत्त्वांचे होते, पण रोज सकाळी उठून सोडवावा लागणारा पेच चुलीचा आणि घागरीचा होता. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा काळ विनोदाच्या आवरणाखाली आला असला, तरी त्यामागचा ताण लपत नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. रानड्यांना चहाच्या एका पेल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले. लक्ष्मीबाईंनी पंक्तीची सारी चौकटच मागे टाकली, आणि तीही कोणत्याही सभेच्या वा ठरावाच्या आधाराशिवाय. सहभोजनाच्या इतिहासात या घटनेला पंचहौद प्रकरणाच्या शेजारी जागा मिळत नाही, कारण ती घराच्या आत घडली.

महाबळेश्वरच्या डोंगरउतारावर विलायती पिकांची परंपरा पुढे स्ट्रॉबेरीपर्यंत पोहोचली. २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. पर्यटक आज तेथे स्ट्रॉबेरी-क्रीमची वाटी मागवतात, तेव्हा ती कोणी वाढली हे विचारण्याची प्रथा उरलेली नाही. ती मळ्यातून कोणी खुडली, हे विचारण्याची प्रथा १८६४ पूर्वीही नव्हती.