धुराची साक्ष

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास चंदगड तालुका आहे. १९५६ सालापर्यंत तो बेळगांव जिल्ह्यांत मोडत असे. राज्यपुनर्रचनेच्या वेळीं तो कोल्हापुरास जोडला गेला. मुलूख घाटमाथ्याचा, पाऊस मुसळधार, आणि गोव्याकडे उतरावयाचें तर तिलारीचा अवघड घाट. अशा ठिकाणीं मोटार ही चैनीची वस्तु राहत नाहीं. दुखणेकरी दवाखान्यांत न्यावयाचा तो तिच्यांतूनच, आणि काजू बाजारांत पोंचवावयाचे तेही तिच्याच जिवावर. परंतु या मोटारीपाशीं धुराच्या परीक्षेचा, म्हणजे पी.यू.सी.चा, दाखला नसेल तर २०१९ सालच्या दुरुस्त कायद्यानें दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

आतां एखाद्याची गाडी या परीक्षेंत एकदां नव्हे, तीन-तीनदां नापास झाली अशी कल्पना करावी. गॅरेजमध्यें संगणक लावतात, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचें नांव उमटतें, आणि कांहीं हजार रुपये खर्चून नवा सेन्सर बसवितात. चौथ्या खेपेस गाडी पुन्हां नापास! चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची म्हण येथें पुष्कळदां खरी ठरते. हा संन्यासी कोण, आणि मोटारीच्या पोटांत तो कसा येऊन बसला, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरावर एक तपकिरी धुकें दाटूं लागलें. लोकांचे डोळे चुरचुरत, पिकांचीं पानें करपत. प्रथम संशय कारखान्यांवर गेला. अननसाच्या स्वादाचें संशोधन करणारे आरी हागेन-स्मित हे मूळचे डच शास्त्रज्ञ त्या वेळीं कॅलिफोर्नियांत होते. त्यांनीं १९५० च्या सुमारास ती हवा तपासली, आणि मोटारींच्या धुरावर व तेलाच्या वाफांवर ऊन पडून हें विष तयार होतें, असें दाखवून दिलें. पुढें यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्यानें धूर शुद्ध करणारें पात्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, शोधून काढलें. परंतु त्या काळच्या पेट्रोलांत शिसें मिसळीत, आणि शिशाचा थर चढला कीं तें पात्र निकामी होई. म्हणून शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागेपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, त्याला मोटारींत सर्रास जागा मिळाली नाहीं.

तरीही एक अडचण उरलीच. धुरांतील तिन्ही विषें एकदम नष्ट व्हावयाचीं तर १ भार पेट्रोलास सुमारें १४.७ भार हवा, हें प्रमाण सतत संभाळावें लागतें. तें बिघडलें कीं नाहीं हें इंजिनास कोण सांगणार? हें काम ऑक्सिजन सेन्सरनें पत्करलें. जर्मनीच्या बॉश कंपनीनें तयार केलेला हा सेन्सर १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्वो मोटारींत प्रथम बसला. झिर्कोनिया नामक, चिनी मातीसारख्या भाजलेल्या पदार्थाची ती बोटाच्या टोंकाएवढी टोपी असते. तिच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा पातळ लेप. एका अंगास बाहेरची हवा, दुसऱ्या अंगास धूर. ती ३०० अंशांहून अधिक तापली म्हणजे दोन्हीकडील प्राणवायूच्या फरकाप्रमाणें वीज उत्पन्न होते. धुरांत प्राणवायु शिल्लक असेल तर सुमारें ०.१ व्होल्ट, पेट्रोल अधिक झालें असेल तर सुमारें ०.९. त्यावरून संगणक पेट्रोल कमी-अधिक करतो. सेन्सर साक्ष देतो. न्याय देत नाहीं.

आपल्याकडे १९८९ च्या मोटारवाहन नियमांनीं धुराच्या परीक्षेस बळकटी आली. त्या वेळच्या पेट्रोलमोटारींस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के होती. १९९५ सालीं शिसेंविरहित पेट्रोल आणि कन्व्हर्टर हीं दोन्हीं चार महानगरांत एकदमच आलीं. देशभर असें पेट्रोल मात्र १ फेब्रुवारी २००० पासून मिळूं लागलें. मधल्या काळांत मुंबईची नवी मोटार गांवीं आणून तींत शिशाचें पेट्रोल भरणें म्हणजे तिचें कन्व्हर्टर व सेन्सर दोन्ही विषानें मारणेंच होतें. पुढें भारत स्टेज चार हे नियम एप्रिल २०१७ पासून सर्व देशास लागू झाले. त्यांत ही मर्यादा ०.३ टक्क्यांवर आली. शिवाय इंजिन मिनिटाला सुमारें २५०० फेऱ्यांवर चालवून हवा-पेट्रोलाचें प्रमाण, म्हणजे लॅम्डा, ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान राहतें कीं नाहीं, हेंही पाहूं लागले.

चोर सांपडतो तो याच आंकड्यांत. घाटांतील खड्ड्यांनीं आणि पावसाच्या ओलीनें धुराच्या नळाचा सांधा गंजून फटला, तर बाहेरची हवा आंत ओढली जाते. सेन्सर प्रामाणिकपणें सांगतो, ‘प्राणवायु फार आहे.’ संगणकास वाटतें, पेट्रोल कमी पडलें. तो अधिक ओततो. विषारी वायु वाढतो आणि गाडी नापास होते. नवा सेन्सर बसविला तरी तोही तीच साक्ष देणार! म्हणून लॅम्डा १.०३ च्या वर गेला तर आधीं नळाची फट शोधावी. न जळलेल्या इंधनाचाच आंकडा मोठा असेल तर प्लगची ठिणगी चुकत असावी. कार्बन मोनॉक्साइड अधिक आणि लॅम्डा कमी, असें दिसल्यास पेट्रोल गळून जास्त जात आहे काय, हें पाहावें. सेन्सरही म्हातारा होतो, ऑइलच्या राखेनें मंदावतो, हें खरें. परंतु तापलेल्या इंजिनावर त्याची वीज ०.१ आणि ०.९ यांच्यामध्यें झरझर खालींवर होत असेल, तर त्याजवर आळ घेण्याचें कारण नाहीं.

श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, जून २०२१ च्या नियमानें नापास गाडीच्या मालकास नकाराची चिठ्ठी देण्याची पद्धत सुरू झाली. पुष्कळ जण ती रागानें फेकून देतात, किंवा कांहीं खटपट करून कोठून तरी दाखला मिळवूं पाहतात. नापास मुलाची गुणपत्रिका फाडल्यानें त्याला गणित येत नाहीं. दाखला खोटा मिळवितां येईल; पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. चंदगडच्या झडीच्या पावसांत गॅरेजचें दार लावून इंजिन चालूं ठेवणाऱ्या पोराच्या छातींत तो दाखला न पाहतांच शिरतो. ती चिठ्ठी जपून कारागिराच्या हातीं द्यावी, आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वीं तिच्यावरील आंकडे त्याजकडून वाचून घ्यावे.