तालीम : पाटोदा ते नूर-सुलतान

उर्दू शाळेत आम्ही 'तालीम' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ शिक्षण असतो. मराठी माणूस तोच शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आखाड्याची तांबडी माती येते. हा शब्द अरबी. पैलवान, कुस्ती, दंगल हे फारसीकडून आले आणि उस्तादाचा मराठीत वस्ताद झाला. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या आमच्या बीड जिल्ह्यात हे शब्द कुणालाच परके वाटत नाहीत. या जिल्ह्याचे मल्ल राहुल आवारे यांची वाटचाल पाहिली की तालीमचे हे दोन अर्थ मुळात एकच आहेत, हे पटते.

राहुल पाटोद्याचे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला हा कोरडवाहू तालुका. दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी घरे ऊसतोडीला निघतात. वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान, म्हणून पहिला वस्ताद घरातच मिळाला. परंतु जत्रेतल्या इनामावर फार तर खुराक भागतो; जगाच्या मॅटवर उतरायचे तर मोठी तालीम हवी. राहुल पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे गेले. बिराजदार लातूर जिल्ह्यातले, १९६९ चे महाराष्ट्र केसरी. २०११ मध्ये ते वारले. शागीर्द पोरका झाला. तेव्हा लातूरकडचेच अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांनी त्यांना आपल्या तालमीत घेतले.

२०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत राहुल यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून सुवर्णपदक जिंकले आणि ते दिवंगत बिराजदारांना अर्पण केले. २०१९ मध्ये कझाकस्तानच्या राजधानीत, तेव्हाच्या नूर-सुलतानमध्ये, जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ ने नमवून त्यांनी कांस्यपदक मिळवले. मात्र हे पदक ६१ किलो गटातले. ऑलिम्पिकमध्ये ५७ नंतर थेट ६५ किलोचा गट. जगात पदक मिळवणाऱ्या मल्लाला तिथे आपल्या वजनाची जागाच नव्हती. ऑलिम्पिकचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपदही मिळाले.

सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख बंधूंचीही अशीच साखळी आहे. इस्माईल १९८० मध्ये, आप्पालाल १९९२ मध्ये आणि मुन्नालाल २००२ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. एकाच घरात तीन गदा आल्या, कारण थोरल्याची विद्या धाकट्यापर्यंत पोचली.

आमच्या जिल्ह्यात ताकदीची पोरे कमी नाहीत, वर्गात हुशार पोरेही कमी नाहीत. उणीव आहे ती साखळीची. एक शिक्षक बदलून जातो, एक हंगाम घर ऊसतोडीला जाते, आणि पोर सुटते ते सुटतेच. बिराजदारांनंतर काका पवार उभे राहिले म्हणून पाटोद्याचा मुलगा जगापुढे गेला. पहिल्या वस्तादाच्या मागे दुसरा उभा असला पाहिजे. मग ती तालीम मातीतली असो की पुस्तकातली.