इटलीची लाल वाईन, धुरा आणि बटईदार

सोयाबीन घरात आलं, तुरीला अजून वेळ आहे, म्हणून आज जरा लांबचं लिहितो. माळकरी मंडळींनी रागावू नये. वाईन ही दारूच, बारा-चौदा टक्क्यांची, त्यात मी कुठलीही पळवाट काढत नाही. पण ज्या पिकाच्या बाटलीवर गावाचं नाव लागतं आणि त्या नावाचे पैसे मिळतात, त्या पिकाचा इतिहास कास्तकारानं वाचायला पाहिजे, एवढंच.

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या बाजूला मोटेवाडी नावाचं गाव आहे. तिथं २००६-०७ च्या सुमारास तीन घरचे भाऊ-भाऊ एकत्र आले. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की. कंपनीचं नाव ठेवलं फ्रातेल्ली. इटालियनमध्ये त्याचा अर्थ भाऊ. तिकडच्या तोस्काना भागातून पिएरो मासी नावाचा वाईन बनवणारा जाणकार आणला. सहा भाऊ आणि तो सातवा, म्हणून त्यांच्या मोठ्या लाल वाईनचं नाव सेत्ते, म्हणजे सात. ती दोन द्राक्षांची करतात, एक काबेर्ने सोव्हिन्यों आणि दुसरं सांजोवेझे. हे सांजोवेझे म्हणजे तोस्कानाचं घरचं पीक. आपल्याकडं ज्वारी तसं.

आता हे पीक आपल्या हवेत कसं वागतं ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. तिकडं हिवाळ्यात वेल झोपतो, एकदा छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी. आपल्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी आणि थंडी सरता सरता माल तयार. जात तीच, कॅलेंडर उलटं. त्यामुळं चव हुबेहूब येईल असं कोणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. माल वाईट येतो असंही नाही.

माझा भाचा पुण्याला हॉटेलात आहे. गिऱ्हाईक विचारतं, इटालियन रेडमधली चांगली कोणती? तो म्हणतो, मामा, मी सरळ किमतीवर बोट ठेवतो. वर्षानुवर्षं बाहेरच्या वाईनवर १५० टक्के आयात शुल्क होतं, म्हणजे त्या किमतीत वाईन किती अन् कर किती हे कळायला मार्गच नाही. किंमत पाहून निवडणं म्हणजे चकचकीत पिशवी पाहून बियाणं घेणं. निवडायचं ते धुरा पाहून.

धुऱ्याची गोष्ट अशी. तोस्कानात फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ भागाला क्यांती म्हणतात. या भागासाठी दोन्ही शहरं शेकडो वर्षं भांडली. तिकडं एक आख्यायिका सांगतात. दोघांचं ठरलं की कोंबडा आरवला की आपापल्या शहरातून एकेक घोडेस्वार निघेल, दोघं जिथं भेटतील तिथं शीव. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊ-पिऊ घालून गुबगुबीत ठेवला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. उपाशी कोंबडा पहाटेच्या आधीच ओरडला, त्यांचा स्वार आधी निघाला आणि जवळपास सगळं क्यांती त्यांच्याकडं आलं. खरं-खोटं देव जाणे, पण क्यांती क्लासिकोच्या बाटलीवर आजही तो काळा कोंबडा आहे. त्यांच्या उत्पादकांचा संघ १९२४ साली झाला, तेव्हापासून तीच खूण.

कागदावरचा धुरा मात्र जुना आहे. १७१६ साली तोस्कानाच्या राजानं, कोसिमो तिसरा त्याचं नाव, हुकूम काढून क्यांतीसह चार भागांच्या सीमा लिहून दिल्या. या हद्दीतलाच माल या नावानं विकायचा. आपल्याकडं तेव्हा साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. म्हणजे पिकाच्या नावाची चोरी ही तीनशे वर्षांपूर्वीसुद्धा एवढी मोठी डोकेदुखी होती की राजाला हुकूम काढावा लागला. पुढं १८७२ मध्ये बेत्तीनो रिकासोली या जमीनदारानं, जो आधी इटलीचा पंतप्रधानही झाला होता, क्यांतीत काय घालायचं ते पत्रात लिहून ठेवलं. मुख्य सांजोवेझे, धार कमी करायला कानायोलो, आणि लवकर प्यायची असेल तरच थोडं पांढरं माल्वाझिया.

नाव चाललं की हद्द वाढते, हा नियम तिकडंही चुकला नाही. १९३२ मध्ये सरकारनं आजूबाजूचा बराच मुलूख क्यांती म्हणून मान्य केला. जुन्या भागाला मग 'क्लासिको' हा शब्द लावून वेगळं व्हावं लागलं. म्हणून बाटलीवर नुसतं क्यांती आणि क्यांती क्लासिको यात फरक आहे. आपलंही असंच झालं होतं. वऱ्हाडाचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' नावानं विकला जायचा. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. अमरावतीच्या पार बाहेरचा कापूससुद्धा त्याच नावात जायचा, आणि मुंबईच्या बंदरात भेसळ एवढी माजली होती की इंग्रजांना १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. ते नाव आज आपल्याकडं कोणाला आठवतही नाही.

आता बटईदाराकडं येतो, कारण वाईनच्या पुस्तकात तो एका ओळीत संपवतात. तोस्कानाची शेती शतकानुशतकं अर्ध्या वाट्यावर चालली. त्या पद्धतीला मेझाद्रिया म्हणतात. जमीन आणि घर मालकाचं, राबणारं अख्खं कुटुंब बटईदाराचं, पीक निम्मं-निम्मं. त्यामुळं वावरात सगळंच असायचं. द्राक्षाचे वेल झाडांवर चढवलेले, दोन रांगांच्या मध्ये गहू, कडेला जैतून. आपण सोयाबीनमध्ये तुरीचं तास टाकतो तसंच. एक गेलं तर दुसरं हाताशी. वाईन चांगली की वाईट यापेक्षा घरच्यांचं पोट भरणं महत्त्वाचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने आले आणि पोरं शहराकडं निघाली. घरं ओस पडली. १९६४ च्या कायद्यानं मेझाद्रियाचे नवे करार बंद केले. मागं राहिलेल्या जमिनीवर नुसत्या द्राक्षाच्या बागा लागल्या, आणि घाईत लागल्या. जास्त माल देणारी कलमं, जास्त टन, पातळ वाईन. त्यातच १९६३ चा नावाचा कायदा आणि १९६७ ची क्यांतीची नियमावली आली. तिच्यात लाल वाईनमध्ये निदान दहा टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं, तीस टक्क्यांपर्यंत चालत होती. रिकासोलीनं जे 'लवकर प्यायची तरच' म्हटलं होतं, ते सरकारनं सगळ्यांना लावलं. कायदा करणाऱ्यानं मूळ कागद नीट वाचला नाही की असंच होतं, इकडंही अन् तिकडंही.

काहींनी मग क्यांतीचं नावच सोडलं. फ्लोरेन्सच्या आंतिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो ही वाईन १९७१ च्या हंगामापासून 'साधी टेबल वाईन' म्हणून बाजारात आली आणि कायदेशीर क्यांतीपेक्षा महाग विकली गेली. सरकारला शेवटी नियम बदलावे लागले. आज क्यांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं, आणि २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षं बंदच.

मध्येच १९८६ साली मोठा घात झाला. काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाईनचा दारूअंश वाढवायला मिथेनॉल मिसळलं. वीसहून जास्त माणसं मेली. निर्यात धाडकन खाली आली, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचाही माल पडून राहिला. त्यानंतर तपासणी कडक झाली.

आज वरच्या दर्जाच्या, म्हणजे डीओसीजी लिहिलेल्या बाटलीच्या गळ्यावर क्रमांकाची सरकारी पट्टी असते. विक्रीआधी त्या वाईनची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि जाणकार मंडळी चाखून पास करतात. पण मला सगळ्यात मोठी वाटली ती उत्पादनाची अट. क्यांती क्लासिकोला हेक्टरी ७५ क्विंटलची मर्यादा. एकरी साधारण ३० क्विंटल! आपला खायच्या द्राक्षाचा बागायतदार एकरी शंभर-सव्वाशे क्विंटल काढतो, तो हे ऐकून हसेल. तिकडं कमी पिकवणं ही नावाची अट आहे. अर्थात त्या भावात ते परवडतं. आपल्या भावात कोणी हा सल्ला दिला तर त्याला आधी चुकारा किती ते विचारावं.

भाच्याला मी एवढंच लिहून दिलं. पहिलं, जागेचं नाव बघ, जेवढी जागा लहान तेवढी जबाबदारी पक्की. दुसरं, गळ्यावरची पट्टी. तिसरं, 'इम्बोतिल्यातो आल्लोरिजिने' हे शब्द शोध. याचा अर्थ, जिथं पिकली तिथंच बाटलीत भरली. मात्र सहकारी वाईनरीही हे शब्द लिहू शकते, म्हणून द्राक्ष आणि बाटली एकाच घरची असेलच असं नाही.

चवीचं म्हणाल तर द्राक्ष पट्ट्यातल्या एका दौऱ्यात आम्हाला एका वाईनरीत सांजोवेझे चाखायला दिली होती. पेल्यात घोटभर, आधी उजेडाला धरून रंग पाहायचा, मग पेला फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात खेळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. थुंकायची परवानगी आहे म्हटल्यावर आमच्यातले दोन माळकरीही पुढं आले, पण वासावरच थांबले. मला ती आधी आंबट लागली, मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते तशी तुरट. गोडपणा नाही. तिथला माणूस म्हणाला, हा आंबटपणा अन् तुरटपणा नुसता पिण्यासाठी नाही, तेलकट-मांसाहारी जेवणासोबत तो बरोबर बसतो. आणखी एक, लाल वाईन घरच्या तापमानाला द्यावी म्हणतात ते युरोपातलं घर. १६-१८ अंश. मेडशीच्या मे महिन्यातलं नव्हे.

महाराष्ट्रानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क ठरले, 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. हे चांगलंच झालं. पण क्यांतीच्या इतिहासात एक गोष्ट मला टोचते. बाटलीला भाव आला तो १९७० नंतर, आणि ज्या बटईदारांनी ते डोंगर पिढ्यान्‌पिढ्या बांधून काढले होते, त्यांची पोरं तोवर कारखान्यात लागली होती. ओस पडलेली त्यांची कितीतरी घरं आता पाहुण्यांच्या मुक्कामाला भाड्यानं देतात. मोटेवाडीतही कंपनीचं आणि त्यांच्या मोठ्या लाल वाईनचं नाव इटालियनच आहे.

आपल्याकडं वायगावच्या हळदीला मानांकन मिळालं २०१६ मध्ये, वसमतच्या हळदीलाही आता मिळालं. आपली हळद हिंगोली-वसमतच्या मार्केटला जाते आणि तिथल्या ढिगात एक होते. पोत्यावर मेडशी राहत नाही, मालेगाव तालुका राहत नाही, वाशिमसुद्धा राहत नाही. गावातल्या पाच-सहा वावरांतल्या हळदीचा कुरकुमिन यंदा वेगवेगळा तपासून घेणार आहे. ज्यांना आपला नमुना द्यायचा असेल त्यांनी वाळवलेली हळद पाव किलो, वावराच्या गट नंबरासकट, घरी आणून द्यावी.