गढीचा उंबरा

मुंबईहून सकाळची इंद्रायणी धरली. बोरघाटातले बोगदे लागले तसे आबा खिडकीला सरकले. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. पण आमच्या पुरंदरच्या माणसाला पुणं गाठायचं तर दिवेघाटच. आबा तो बैलगाडीनं उतरायचे. गाडीत अंजिराच्या पाट्या, घाटाखाली मस्तानी तलावावर बैलांना पाणी.

पुण्यात उतरून हडपसरवरनं तोच घाट आम्ही मोटारीनं चढलो. सासवडच्या अलीकडे जाधवगड. शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेली ही गढी. डागडुजी होऊन आता तिचं हॉटेल झालंय. त्यामुळं तट-बुरूज तरी उभे राहिले. नाहीतर कितीतरी गढ्यांचे दगड लोकांच्या घरांच्या जोत्यात गेले.

आबांनी ही गढी जन्मभर लांबूनच बघितलेली. दरवाजात त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या.

दारावरचा पोरगा म्हणाला, "राहू द्या, आजोबा."

"न्हाई बाबा. सरदाराच्या वाड्यात जोडं घालून जायाची आमाला सवय न्हाई."

खोलीचे पैसे मी आधीच भरले होते. तरी माझेही पाय उंबऱ्याशी थबकले.