डोळ्यांपुढील माशांचा इतिहास

निरभ्र आकाशाकडे अथवा पांढऱ्या भिंतीकडे पाहात असतां डोळ्यांपुढून कांहीं ठिपके, तंतु अथवा जाळ्याचे तुकडे तरंगत जातात, हा अनुभव पन्नाशीच्या आसपास पोंचलेल्या पुष्कळ वाचकांस असेल. त्यांस निरखून पाहण्यासाठीं दृष्टि वळवावी, तर तेहि तितकेच वळतात. लॅटिन वैद्यकांत यांस ‘उडत्या माशा’ असें नांव आहे. वस्तु क्षुद्र खरी. पण तिच्याविषयीं मनुष्याची समजूत कसकशी पालटत गेली हें पाहिलें असतां, भय कोठें निराधार आणि कोठें साधार, हें ठरविण्यास किती शतकें लागतात तें कळून येतें.

आपल्याकडील सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत, सातव्या अध्यायांत, दृष्टीच्या रोगांचें वर्णन आहे. दोष पहिल्या पटलांत असतां सर्व अंधुक दिसतें; तो दुसऱ्या पटलांत शिरला म्हणजे रोग्यास माशा, चिलटें, केंस आणि जाळीं दिसूं लागतात; आणि चौथें पटल गांठलें म्हणजे दृष्टि जाते, त्यास लिंगनाश म्हटलें आहे. निरीक्षण इतकें अचूक आहे कीं, आजचा रोगीहि तेच शब्द योजतो. परंतु ह्या मांडणींत माशा दिसणें ही अंधत्वाकडे नेणारी एक पायरीच ठरली.

ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकांत ग्रीक वैद्य गेलन यानेंहि चिलटांसारख्या आकृति मोतीबिंदूच्या आरंभीं दिसतात असें लिहिलें. मात्र त्याची दृष्टि अधिक चिकित्सक होती. आकृति दोन्ही डोळ्यांस सारख्याच दिसतात कीं कमीअधिक, किती काळापासून दिसतात, असे प्रश्न वैद्यानें विचारावे असें तो सांगतो. कारण त्याच्या मतें कांहीं वेळां मूळ दोष पोटाचा असे. पोटावरचा आरोप टिकला नाहीं; पण एकाच लक्षणाचीं कारणें दोन असूं शकतात, हा त्याचा विवेक मोलाचा होता.

हा गुंता सुटण्यास आणखी दोन शोध व्हावे लागले. १६०४ सालीं केप्लर यानें बाह्य वस्तूंचें चित्र डोळ्याच्या मागील पडद्यावर उमटतें असें प्रतिपादिलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें ब्रिसो व मेत्र-झां यांनीं, मोतीबिंदू म्हणजे बाहुलीमागें उतरलेला द्रव नसून गढूळ झालेलें भिंगच होय, असें दाखविलें. आतां माशा म्हणजे पडद्यावर पडणाऱ्या सावल्या, हा विचार सुसंगत दिसूं लागला. १८१९ सालीं पुर्किन्ये यानें प्राग येथील आपल्या प्रबंधांत स्वतःच्याच डोळ्यांस होणाऱ्या अशा भासांचा अभ्यास केला. पुढें ब्रूस्टर व हेल्महोल्ट्झ यांनीं तो पुष्कळ पुढें नेला. भिंग आणि पडदा यांमधील पोकळी अंड्यांतील पांढऱ्या बलकासारख्या पारदर्शक द्रवानें भरलेली असते. त्यांतील सूक्ष्म तंतूंची सावली पडद्यावर पडते. तेजस्वी प्रकाशांत बाहुली आकुंचन पावते, म्हणून ती अधिक रेखीव होते. माशा आकाशाकडे पाहतांना विशेष कां दिसतात, याचें उत्तर हेंच.

ह्या द्रवांत शेंकडा ९८ ते ९९ भाग पाणीच असतें. उरलेल्या अल्प भागावर त्याचा घट्टपणा अवलंबून असतो. त्या भागांतील हायल्यूरॉनिक ॲसिड मायर व पामर यांनीं १९३४ सालीं गुरांच्या डोळ्यांतून प्रथम वेगळें काढलें. वयाबरोबर हा द्रव मधूनमधून पातळ होतो, त्यांतील तंतु एकमेकांस चिकटतात, आणि शेवटीं तो पडद्यापासून सुटतो. पन्नाशीनंतर हें बहुधा घडतेंच. लांबचें न दिसणाऱ्यांस लौकर.

तेव्हां माशा निरुपद्रवी ठरल्या काय? बहुतेक ठरल्या, सर्व नव्हे. द्रव सुटतांना कधीं कधीं पडदा फाटतो, आणि त्या छिद्रांतून पाणी मागें शिरून पडदाच निखळतो. असा डोळा पूर्वीं बहुधा जात असे. स्वित्झर्लंडमधील झ्यूल गोनें यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत तें छिद्र शोधून तप्त शस्त्रानें बंद केलें, आणि असाध्य रोग साध्य झाला. म्हणून माशांचा एकाएकीं थवा उठणें, विजेसारखी चमक दिसणें, अथवा बाजूनें काळा पडदा सरकत येणें, यांपैकीं कांहींहि घडल्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. येथें गेलनचा विवेक पुनः उपयोगी पडतो.

इतर माशांशीं मात्र सख्य करावें हें बरें. १९७० पासून, मॅकेमर यानें मायामी येथें रूढ केलेल्या शस्त्रक्रियेनें, हा द्रव काढून टाकतां येतो. पण तींत मोतीबिंदूचा व पडदा सुटण्याचा धोका आहे, म्हणून साध्या माशांसाठीं ती क्वचितच करितात. प्रस्तुत लेखकाच्या पुस्तकांवरहि दोनतीन माशा नित्य वावरतात. कांहीं महिन्यांत मेंदु त्यांजकडे दुर्लक्ष करावयास शिकतो, आणि तंतूहि दृष्टीच्या मध्यापासून दूर सरतात. सुश्रुताच्या रोग्यास हा दिलासा मिळाला नाहीं. तो आज आपणांस मिळतो, आणि भ्यावें केव्हां हेंहि कळतें.