सांडपाणी विसर्ग संमती
उद्योगाने किंवा स्थानिक संस्थेने सांडपाणी नदी, नाला, विहीर वा जमिनीवर सोडण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावयाची लेखी परवानगी. राज्याने त्यासाठी १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला, १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले आणि १९७४ चा केंद्रीय जल कायदा येथे १९८१ पासून अमलात आला. प्रकल्प उभारण्यापूर्वी स्थापना संमती व उत्पादनापूर्वी परिचालन संमती लागते; अर्जावर चार महिन्यांत निर्णय न झाल्यास संमती मिळाली असे कायदा मानतो.

संमतीपत्रात विसर्गाचे प्रमाण, ठिकाण व गुणवत्ता ठरवून दिलेली असते. तिचा प्रमुख निकष जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना जिवाणू जेवढा प्राणवायू वापरतात ते प्रमाण, हा असून सर्वसाधारण मानकानुसार नदीत सोडण्यासाठी ते लिटरमागे ३० मिलिग्रॅम, तर सिंचनासाठी जमिनीवर सोडण्यास १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते.

या अटींचे महत्त्व हवेली तालुक्यातील लोणी काळभोर येथे दिसते. हे गाव पुण्याच्या खालच्या अंगाला असल्याने शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून येथे पोहोचते व पात्रात जलपर्णी माजते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (उपसा विहिरीतून) उचललेले नदीचे पाणी ‘बेबी’ नावाच्या कालव्याने याच पट्ट्यातील शेतीला मिळते. त्यामुळे पुणे महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रांच्या संमतीतील अटी कितपत पाळल्या जातात, यावर येथील विहिरींचे व उभ्या पिकांचे आरोग्य अवलंबून असते.